घोडा का अडला?

आपल्याकडे नातवंडांना घालायचे एक जुने कोडे आहे. घोडा का अडला, भाकरी का करपली आणि विड्याचे पान का सडले? तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. पिढ्यान् पिढ्या हे कोडे घातले गेले आणि पिढ्यान् पिढ्या मुलांनी ते एकदा ऐकून दुसऱ्याला घातले. भाकरीचे आणि पानाचे उत्तर आजही बिनचूक आहे. घोड्याचे मात्र निम्मेच बरोबर आहे. उरलेले निम्मे त्याच्या सांध्यात दडलेले आहे आणि तिथे सहसा कोणी डोकावत नाही.

मराठी भाषेत घोडा किती ठिकाणी उभा आहे, ते पाहिले म्हणजे गंमत वाटते. कामात अडचण आली की घोडे पेंड खाते, काम उरकले की घोडे गंगेत न्हाते. वेळ निघून गेल्यावर वरातीमागून घोडे येते आणि परीक्षेची घडी आली की घोडामैदान जवळ असते. निरुपयोगी माणसे गोळा केली तर ती खोगीरभरती, आणि जिभेला घालायचा तो लगाम. खोगीर आले, लगाम आला, चाबूकही आला. घोड्याच्या पायाचा सांधा मात्र आमच्या एकाही म्हणीत नाही. ज्याच्या पाठीवर बसायचे त्याच्या पायांकडे पाहायचे नाही, ही सवय भाषेत आहे तशी व्यवहारातही आहे.

नगर जिल्ह्याने, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याने, तरी असे करू नये. या भूमीचा इतिहास घोड्याच्या टापांनीच लिहिला गेला. निजामशाहीची राजधानी इथे वसली ती १४९४ मध्ये. मलिक अंबरच्या चपळ स्वारांनी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मोगल आणि आदिलशाही फौजांना पाणी पाजले, तेही याच परिसरात. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याजवळ १७९५ मध्ये मराठे आणि निजाम समोरासमोर आले. त्याच तालुक्यातल्या चोंडीची १७२५ मध्ये जन्मलेली लेक होळकरांच्या घरात सून म्हणून गेली. ज्या मल्हाररावांच्या घरात ती गेली, ते धनगराच्या घरातून येऊन घोडदळाच्या बळावर मोठे झालेले सरदार. आज नगरला लष्कराची आर्मर्ड कोअरची शाळा आहे आणि १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. त्याच्या नावात ‘कॅव्हलरी’ हा शब्द अजून आहे, याचे मला नेहमी कौतुक वाटते. घोडा गेला, रणगाडा आला, पण नाव घोड्याचेच राहिले!

पण घोडा खरेच गेला का? जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून भीमा वाहते. तिच्या खोऱ्यातल्या आखूड बांध्याच्या, काटक तट्टांनी मराठ्यांची घोडदळे वाहिली. ती भीमथडी जात संपली, असे पुष्कळांना वाटत होते. ती संपली नव्हती. धनगरांच्या वाड्याबरोबर ती मुकाट्याने चालत होती. दिवाळीनंतर मेंढरे कोकणाकडे निघाली की बिऱ्हाड, भांडी, जाळी, नुकती जन्मलेली कोकरे आणि कधी एखादे लेकरूही तिच्याच पाठीवर असते. पावसाळा तोंडावर आला की हाच प्रपंच उलटा देशावर येतो. २०२३ सालच्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र अश्वजात म्हणून भीमथडीची नोंद झाली. भाग्य एवढेच की नोंद मृत्यूनंतर झाली नाही! कारण एकूण चित्र उतरणीचे आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या घोड्या-तट्टांची संख्या साडेतीन लाखांच्या आत आली. आधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा ती जवळजवळ पंचेचाळीस टक्क्यांनी कमी आहे.

जे उरले आहेत त्यांची कामे चार. धनगराचे ओझे, लग्नातली वरात, जत्रेतली हौस आणि शर्यत. पारनेरच्या बाजूला नि शेजारच्या पुणे जिल्ह्यात घाटातल्या बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी धरतात, ती धावपळही यातच धरावी. टांगा मात्र दिसेनासा झाला. कोपरगावच्या स्टेशनावर उतरून टांग्याने शिर्डीला गेलेली माणसे आता आजोबा-पणजोबा झाली आहेत.

माझा घोड्यांशी संबंध आला तो लेखक म्हणून नव्हे, बँकेतला अधिकारी म्हणून. ऐंशीच्या दशकात ग्रामीण विकासाच्या योजनेतून टांगा-घोड्यासाठी कर्जे दिली जात. खरेदीच्या वेळी बँकेचा माणूस, सरकारचा माणूस आणि घेणारा असे तिघे बाजारात उभे राहत. छापील अर्जात घोड्याचा रंग, उंची, दात पाहून ठरवलेले वय आणि भोवरे-पट्टे यांच्या खुणा लिहायला रकाने होते. घोडा चालतो कसा, हे लिहायला रकाना नव्हता. तारण म्हणून घेतलेल्या वस्तूची सगळी किंमत तिच्या चार पायांत, आणि कागदावर त्या पायांचा उल्लेखही नाही! एका तालुक्याच्या गावी हप्ता भरायला येणाऱ्या वयस्कर टांगेवाल्याला सगळे मामा म्हणत. त्यांनी मला एकदा सांगितले होते, “साहेब, घोडं चालतंय तवर आमचं चालतंय.” कर्जवसुलीचा याहून नेमका सिद्धांत मी कुठल्याही परिपत्रकात वाचलेला नाही.

तेव्हा हे घोडे चालते कशावर, ते आता पाहू. आधी एक गैरसमज दूर करायला हवा. घोड्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, ते वास्तविक आपले मनगट आहे. मागच्या पायाचा कोनात वळलेला सांधा म्हणजे आपला घोटा. आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचे नख. चारशे किलोचा प्राणी चार बोटांच्या नखांवर उभा राहतो आणि वर एखाद्या नवरदेवाला घेऊन बँडच्या तालावर नाचतो, असे म्हटले की विषयाचे गांभीर्य लगेच ध्यानात येते. भरधाव धावताना एका पायावर क्षणभर सगळ्या वजनाच्या अडीचपट भार येतो.

हा भार सहन होतो तो सांध्यातल्या तीन गोष्टींमुळे. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. दोन टोकांच्या मध्ये अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखे चिकट, फिकट पिवळसर वंगण असते. आणि या साऱ्याला आतून वेढणारे एक अत्यंत नाजूक अस्तर असते. डॉक्टर त्याला सायनोव्हियम म्हणतात. आपण सांध्याचे अस्तर म्हणू. जाडीने ते जेमतेम काही पेशींचे, पण संसार सगळा त्याच्या जिवावर. त्यात दोन प्रकारच्या पेशी नांदतात. एका प्रकारच्या पेशी झाडलोट करतात, म्हणजे झिजेचा कचरा गिळून टाकतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी वंगण तयार करतात. या वंगणाचा चिकटपणा ज्यामुळे येतो, त्या द्रव्याचे नाव हायलुरॉनिक अ‍ॅसिड.

कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. मग ती जगते कशावर? तर या वंगणावर. पाय टेकला की स्पंज दाबल्यासारखे तिच्यातले पाणी बाहेर येते, पाय उचलला की ताजे वंगण आत शोषले जाते. म्हणजे सांध्याला अन्न मिळते ते चालण्यातून. आपल्या कोड्याचे उत्तर इथे अक्षरशः खरे ठरते. दिवसेंदिवस खुंट्याला बांधून ठेवलेला घोडा अडतो, तो न फिरवल्यामुळेच.

आता उरलेले निम्मे. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, तशा संवेदनेच्या नसाही नाहीत. ती झिजत असली तरी दुखत नाही. दुखते ते अस्तर, कारण त्याला आणि त्याच्या बाहेरच्या आवरणाला नसा आहेत. सांध्याला मार बसला, मुरगळ झाली, रोजची आदळआपट झाली की पहिला त्रास या अस्तराला होतो. ते लाल होते, सुजते. त्यातल्या रक्तवाहिन्या पाझरू लागतात, सांध्यात पाणी भरते आणि वंगण पातळ होते. पातळ वंगणाने घर्षण वाढते, आणि सुजलेल्या अस्तरातून बाहेर पडणारी पाचक द्रव्ये कूर्चा कुरतडू लागतात. तिचे कण वंगणात पडतात, ते गिळताना अस्तर आणखी चिडते, आणखी पाचक द्रव्ये सोडते. आमच्या जुन्या पेशातल्या शब्दांत सांगायचे तर हे चक्रवाढ व्याज आहे. मुद्दल लहान असते तेव्हा फेडले तर प्रश्न मिटतो. थकत गेले की मूळ रकमेचा कोणाला पत्ता लागत नाही.

इथे जीव अडकतो तो एका साध्या फरकात. अस्तराची सूज उतरू शकते, ते पुन्हा पहिल्यासारखे कामाला लागू शकते. झिजलेली कूर्चा मात्र पुन्हा पहिल्यासारखी भरून येत नाही. सुजेपासून झिजेपर्यंतचा जो काळ, तोच घोड्याचा आणि घोडेवाल्याचा काळ. या काळात घोडा बोलत नाही, फक्त थोडे वेगळे चालतो. ते वेगळेपण ओळखणारा डोळा घरात असला तर घोडे वाचते.

तो डोळा कमवायला पदवी लागत नाही. सकाळी खरारा करताना दोन्ही पायांचे सांधे हाताने चाचपून पाहावेत. एका पायापेक्षा दुसरा गरम लागतो का, खुराच्या वरच्या सांध्यापाशी किंवा मागच्या घोट्यापाशी पाण्याची मऊ फुगवटी आली आहे का, हे बोटांना कळते. मग कोणाला तरी घोडे सैल दोरीवर घेऊन कडक, सपाट जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवायला सांगावे आणि आपण त्याच्या मानेकडे पाहावे. पुढचा दुखरा पाय टेकला की मान वर झटकते आणि धडका पाय टेकला की खाली येते. मागचा पाय दुखत असेल तर पुठ्ठ्याची एक बाजू जास्त वर-खाली होते. दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर मान हलत नाही, पण पावले आखूड पडतात, आणि लोक म्हणतात घोडे आळशी झाले. अर्थात प्रत्येक फुगवटी म्हणजे रोग नव्हे. वय झालेल्या घोड्याच्या खुरावरच्या सांध्याशी थोडे पाणी असते आणि तो वर्षानुवर्षे ठणठणीत चालतो. पण फुगवटी नवी असेल, गरम असेल, किंवा तिच्या जोडीला लंगडणे असेल, तर पशुवैद्याला बोलवायला उशीर करू नये.

दोन प्रसंगी तर उद्याची वाट पाहणेही धोक्याचे. पहिला, सांध्यावरची जखम. तारेने, काट्याने किंवा दगडाने झालेली जखम दिसायला लहान असते, पण तिच्यातून मधासारखा चिकट द्रव पाझरत असेल तर ते सांध्याचे वंगण असू शकते. म्हणजे घराचे दार उघडले आणि जंतू आत गेले. अशा जखमेत हळद, राख, तंबाखू काही भरू नये. स्वच्छ फडके बांधून त्याच दिवशी सांधा धुऊन घेतला पाहिजे. इथे हिशेब दिवसांचा नसतो, तासांचा असतो. दुसरा प्रसंग नवजात शिंगराचा. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत त्याला आईचा चीक मिळाला नाही, किंवा नाळ अस्वच्छ राहिली, तर जंतू रक्तातून थेट सांध्यात जातात. चार दिवसांचे शिंगरू लंगडू लागले की लोक म्हणतात, आईचा पाय पडला असेल. ते आधी जंतूंचेच काम समजावे आणि धावावे.

आमच्या भागात अस्तरे सुजतात कशाने? पहिले कारण घाई. शिंगरू दीड-दोन वर्षांचे झाले नाही तोच त्याला नाचायला शिकवतात. पुढच्या गुडघ्याच्या वरचे हाड वाढीला पुरे व्हायला दोन ते अडीच वर्षे लागतात, आणि पाठीच्या मणक्यांना त्याहून पुष्कळ अधिक. वाढत्या हाडांवर मागच्या दोन पायांवर उभे राहण्याचा आणि बाजेवर नाचण्याचा भार टाकायचा, म्हणजे बालमजुरी आहे. दुसरे कारण जमीन. वारीतल्या रिंगणात माउलींचा अश्व धावतो तो मोकळ्या मैदानात, मातीवर. वरातीचा घोडा तीन-तीन तास नाचतो तो डांबरावर आणि काँक्रीटवर. गावोगाव रस्ते सुधारले, ही चांगली गोष्ट झाली, पण घोड्याच्या पायाला कोणी विचारले नाही. तिसरे कारण खूर. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाने खूर तासून नाल बदलायला हवी. नालबंद उरले थोडे, ते येतात दुरून. वाढलेल्या खुराने पायाचा तोल बिघडतो आणि सांधा रोज वाकडा भार घेतो. चौथे कारण ओझे. १९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तट्टाच्या पाठीवर ७० किलोपेक्षा जास्त ओझे लादता येत नाही. आपल्याकडच्या नवरदेवाचे वजन, त्याच्या पुढ्यात बसवलेला भाचा, खोगीर आणि झूल यांची बेरीज वाचकांनीच करावी!

उपायांची कथा आणखी उद्बोधक आहे. खेडोपाडी अजून सुजलेल्या सांध्यावर तापल्या सळईचे डाग देतात. डागल्यावर घोडा बरा झाला, असे शपथेवर सांगणारे भेटतात. ते खोटे बोलत नसतात. डागलेल्या घोड्याला महिना-दोन महिने जुंपता येत नाही, आणि ती सक्तीची विश्रांतीच त्याला बरे करते. श्रेय सळईला जाते. इंग्लंडमध्येही हा प्रकार शतकानुशतके चालत होता. १९८३ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी कंडरांच्या दुखापतीवर त्याची कसून तपासणी केली, तेव्हा डागण्याने लाभ होत असल्याचे काही आढळले नाही. विश्रांती द्यायचीच आहे, तर आधी चटका कशाला?

दुसरा उपाय माणसांच्या दुकानातून आणलेल्या वेदनाशामक इंजेक्शनचा. त्यातले डायक्लोफेनॅक जनावरांना देण्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण ते दिलेल्या जनावराचे मांस खाऊन आपली गिधाडे हजारोंनी मेली. पण औषध कायदेशीर असले तरी ते दुखणे दाबते, दुखण्याचे कारण नव्हे. संध्याकाळी सुई टोचली आणि रात्री वरातीत नाचवला, तर घोड्याने दिलेली धोक्याची घंटा आपणच काढून घेतली असे होते. वेदना ही सांध्याची चौकीदार असते. चौकीदाराला झोपवून घर सुरक्षित राहत नाही.

पशुवैद्याकडे आज पुष्कळ साधने आहेत. थंड पाण्याचा शेक, मोजून दिलेले वेदनाशामक, सांधा धुणे, सांध्यात स्टेरॉइड किंवा हायलुरॉनिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन. या शेवटच्या औषधाची गोष्ट आपल्या घरातल्या मंडळींना आवडावी. १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर या अमेरिकेतल्या दोघा शास्त्रज्ञांनी हे द्रव्य प्रथम वेगळे काढले, ते गाईच्या डोळ्यांतून. पुढे एंद्रे बालाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शर्यतीच्या घोड्यांच्या दुखऱ्या सांध्यांत ते टोचून पाहिले आणि १९७० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. घोडे पुन्हा बरे चालू लागले, तसे लक्ष माणसांच्या गुडघ्यांकडे वळले. आज आपल्या घरातल्या आजीला डॉक्टर ‘गुडघ्यात जेल’ टोचून घ्यायचे सुचवतात, ते याच घराण्यातले औषध. म्हणजे आजीच्या गुडघ्यावर घोड्याचे ऋण आहे. ते फेडण्याचा विचार आजवर आपल्या मनात आला नसेल, तर निदान आता यावा.

मात्र ही सगळी साधने विश्रांतीच्या जोडीला आहेत, तिच्या जागी नाहीत. आणि इथेच खरा पेच आहे. विश्रांती हे शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त औषध, पण घोडेवाल्याच्या दृष्टीने सर्वांत महाग. ऐन लग्नसराईत महिनाभर घोडे दावणीला उभे करायचे म्हणजे चंदी-वैरण चालू आणि आवक बंद. धनगराची अडचण तर याहून मोठी. कळप थांबत नाही, म्हणून घोडेही थांबू शकत नाही. क्रूरपणामुळे लंगडे घोडे जुंपले जाते असे समजणे शहरी भाबडेपणाचे आहे. बहुतेक वेळा त्यामागे घरातली रिकामी चूल असते. बँकेत असताना मी पाहिलेल्या जनावरांच्या विम्याचा हिशेब असा होता, की जनावर मेले तर भरपाई मिळे, पण ते महिनाभर लंगडले तर पैसाही नाही. अशा व्यवस्थेत मालकाला जनावर थांबवण्याचे कारण उरत नाही. ते मरेपर्यंत चालवण्याचे कारण मात्र शिल्लक राहते.

मराठ्यांच्या राज्याला हा हिशेब कळला होता. पावसाळ्याचे चार महिने फौज छावणीत असे. घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषधे आधी साठवली जात आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून स्वारी निघे. चिपळूणच्या छावणीला शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आधीच उधळली तर पुढे घोडी मरतील आणि तुम्हीच ती मारली असे होईल, अशी ताकीद त्यात आहे. म्हणजे घोड्याची विश्रांती हा मालकाच्या दयेचा विषय नव्हता, तो राज्यकारभाराचा भाग होता. आजच्या घोड्याचे सीमोल्लंघन तुळशीच्या लग्नापासून सुरू होते ते पाऊस येईपर्यंत संपत नाही, आणि मधल्या जत्रा वेगळ्याच.

मग करायचे काय? राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ मध्ये घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या संगोपनासाठी पन्नास लाखांपर्यंतच्या भांडवली अनुदानाची तरतूद झाली. ती चांगलीच आहे, पण पन्नास लाखांची भाषा कळणारा माणूस वेगळा आणि एक घोडी घेऊन कोकणात उतरणारा धनगर वेगळा. त्याला हवे आहे ते थोडके. आपल्या तालुक्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचा दिवस संकरित गाईंमध्ये जातो. दुधाच्या जिल्ह्यात ते स्वाभाविकच आहे. पण वर्षातून दोनदा, मेंढरे उतरण्याआधी आणि परतल्यावर, वाटेवरच्या गावी घोड्यांचे पाय तपासणारे आणि नाल ठोकणारे शिबिर भरवता येईल. भीमथडीची नोंद झाली, त्या नोंदीला अर्थ यायचा तर तो या मार्गाने येईल. विमा कंपन्यांनी मृत्यूच्या भरपाईबरोबर पशुवैद्याच्या दाखल्यावर आजारपणातल्या दिवसांचा थोडा भत्ता द्यायला हरकत नसावी. माणसांच्या विम्यात ही कल्पना जुनी आहे. आणि कर्जाच्या अर्जात ‘चाल’ नावाचा एक रकाना वाढवायला तर शाईखेरीज काहीच खर्च येत नाही.

सरकारवर सगळे सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. १९६० च्या कायद्याने आजारी वा जखमी जनावराला कामाला लावणे हा गुन्हा ठरवला आहे. पण वरातीत पोलीस येतो तो आवाज कमी करायला सांगण्यासाठी, घोड्याचे पाय पाहायला नव्हे. ते पाहायचे काम वरपक्षाचे. या हंगामात आपल्या घरी लग्न असेल तर घोडा ठरवताना त्याच्या झुलीच्या रंगाआधी त्याचे वय विचारा. चार वर्षांच्या आतला असेल तर नको म्हणा. नाचवायचा नाही, नुसता चालवायचा, आणि तासाभरात सोडायचा, असे बोलीत ठरवून टाका. दर मात्र कमी करू नका, उलट शंभर-दोनशे जास्तच द्या. कारण त्या घोड्याच्या विश्रांतीचा खर्च कोणीतरी उचललाच पाहिजे, आणि मांडवाच्या खर्चात तो हरवून जाईल इतका लहान आहे.

आणि नवरदेव स्वार होण्यापूर्वी घरातल्या एखाद्या जाणत्या काकांनी बँडवाल्यांना दोन मिनिटे थांबवावे. घोडेवाल्याला म्हणावे, दादा, जरा वीस पावले सरळ चालवून दाखवा. मान हलली नाही आणि पावले मोकळी पडली, तर खुशाल वरात काढावी. मान हलली, तर ठरलेले पैसे पूर्ण द्यावेत, घोड्याला घरी पाठवावे आणि नवरदेवाला पायी न्यावे. त्याचे गुडघे अजून चांगले असतात.